डाकबंगल्याच्या चौकीदाराचा आवाज

प्रिय बाळांनो,

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी मला फोनवर एक नाटक पाठवलंत. जुन्या काळी रेडिओवर लागणाऱ्या हेरकथा तुमचे मित्र नव्याने बसवतात आणि लोक त्या बसमध्ये, धावताना, भांडी घासताना कानात बोंडं घालून ऐकतात, असं तुम्ही मला समजावलंत. मग विचारलंत, "आजी, तुमच्या अकोल्यात होती का असली नाटकं? एखादं आठवत असेल तर लिहून पाठव. आम्ही ते पुन्हा करू."

होती. त्यातलं एक तर मला नको इतकं आठवतं. लिहायला मात्र मी आता बसले, त्याला कारण आहे. माझा उजवा कान गेलेलाच आहे, आणि डावाही आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आवाजाबद्दल लिहायचं तर निदान काही ऐकू येतंय तोवर लिहावं, असं वाटलं. तुमचं नाटक मी दोनदा ऐकलं. छान केलंय. फक्त त्यात फार शांतता आहे. आमच्या नाटकांत खरखर असायची, शिट्ट्या असायच्या, मध्येच दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतलं गाणं तरंगत यायचं, आणि त्या सगळ्यातून माणसाचा आवाज वेचून घ्यावा लागायचा. आणि आम्ही कधी एकटे ऐकत नसू.

आमचं घर जठारपेठेत होतं. माझे वडील, तुमचे खापरपणजोबा नव्हेत, पणजोबा, दिवाणी कोर्टात वकील होते. बैठकीत त्यांच्या कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावर रेडिओ होता आणि छताखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याच्या एरियलची तांब्याची जाळी ताणलेली होती. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आधी तापायचा, मग घुमायचा, मग नागपूर लागायचं. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीनंतर आणि जेवणाच्या आधी, रहस्याचं नाटक असे. रेडिओवाले त्याला श्रुतिका म्हणत. आमच्या घरात त्याला 'डिटेक्टिव्ह' म्हणत. "आज डिटेक्टिव्ह आहे, भात लवकर टाक," असं आई आत्याला सांगायची.

नाटक ऐकायला शेजारचे चाचा येत. गांधी रोडवर त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खुर्ची दिली तरी ते सतरंजीवरच बसत, गुडघे हातांत धरून. नाटक निम्म्यावर आलं की त्यांचा निकाल तयार असे.

"वकील साहेब, लिहून घ्या. डॉक्टरच खुनी."

"मागच्या वेळीही तुम्ही डॉक्टरच म्हणाला होतात."

"मागच्या वेळी थो सुटला. म्हणून तर ह्या वेळी पकडायचा."

"चाचा, या नाटकात डॉक्टर नाहीच आहे," मी म्हणायची.

"येईल ना बेटा. खून झाला म्हणजे डॉक्टर येईलच. कुठे जाते?"

वडिलांचा आक्षेप निराळा असे. शेवटी हेर सगळ्यांना एका खोलीत जमवून गुन्हेगाराकडे बोट दाखवी, तेव्हा वडील मान हलवीत. "हा पुरावा कोर्टात अर्धा तास टिकायचा नाही. बूट चिखलाचे होते म्हणून फाशी? अकोल्यात पावसाळ्यात सगळ्यांनाच फाशी द्यावी लागेल."

आत्या बैठकीत येत नसे. बैठक आणि माजघर यांच्यामधल्या दाराच्या उंबऱ्यावर ती बसायची, सुपात तांदूळ किंवा डाळ घेऊन. आवाज नीट ऐकू यावा म्हणून नाटक चालू असेपर्यंत सूप नुसतं मांडीवर असायचं. एकही नाटक तिने चुकवलेलं मला आठवत नाही. लोक म्हणत, बिचारी ऐकणारच. हरवलेला माणूस कसा शोधतात ते ऐकत असेल.

कारण तिचा नवरा हरवलेला होता.

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, अमरावतीला एका जिनिंग कारखान्यात कारकून होते. मूळचे तेल्हाऱ्याकडचे, घरी कपाशीची शेती, थोरले ते आणि पाठीवर एक भाऊ. मला ते अंधुक आठवतात. गणपतीच्या दिवसांत नाटकांत कामं करत. नायकाचं काम त्यांना कधी मिळालं नाही. गडी, रामोशी, टांगेवाला असली कामं मिळत, आणि लोक त्यांनाच जास्त हसत. आत्या आणि ते अमरावतीत दोन खोल्यांत राहत. मूल नव्हतं. भांडणंही नव्हती, निदान कोणाला माहीत नव्हती. पन्नास सालाच्या आगेमागे एके दिवशी मित्राच्या लग्नाला अचलपूरला जातो म्हणून ते निघाले. मूर्तिजापूरला उतरून छोट्या गाडीत बसायचं होतं. मूर्तिजापूरला उतरलेले त्यांना ओळखीच्या एका माणसाने पाहिलं. लग्नाच्या घरी ते पोचले नाहीत.

पोलिसांनी शोध घेतला. नदी पाहिली, विहिरी पाहिल्या. कोणी म्हणालं बैरागी झाला, कोणी म्हणालं गाडीतून पडला. वडील आत्याला अकोल्याला घेऊन आले. ती शिकली, पुढे मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. रोज सकाळी आरशापुढे उभी राहून ती कुंकू लावायची, ठसठशीत, बंद्या रुपयाएवढं. नवरा मेला असं कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती सवाशीण होती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं. पण ओटी भरताना बायका एकमेकींकडे पाहत, आणि आधी हिला लावावं की शेवटी, ते त्यांना ठरवता येत नसे.

तुम्हाला एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाहीसा झालेला माणूस बारा वर्षांत परतला नाही, की त्याला मेला असं समजत. प्रेत नसे, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देत. त्याला पालाशविधी म्हणतात. मग त्याचं सुतक, मग दिवस, आणि त्याची बायको विधवा. कायद्यात सात वर्षं पुरत, पण आत्याच्या सासरी कायद्याचं काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते तिच्या सासूबाईंचं. म्हातारीला वाटे, आपला मुलगा मेला असेल तर त्याला ना अग्नी ना पाणी, तो मूर्तिजापूरच्या फलाटावर अजून उभा असेल. आपण मरायच्या आत त्याची सुटका व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून बारा वर्षं भरल्यावर सासूबाई आणि धाकटे दीर अकोल्याला आमच्याकडे आले. विधी मोर्णा नदीच्या काठी करायचं ठरलं. गुरुजी ठरले. पळसाची पानं आणायला माणूस सांगितला. मी तेव्हा मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते. त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आत्या शाळेत जात होती, परत येत होती, आणि अजून कुंकू लावत होती. आई तिच्याकडे पाहायची आणि डोळे पुसायची. आत्या म्हणायची, "वहिनी, कांद्याने इतकं पाणी येतं का कोणाला?" कांदा कुठेच नसायचा.

विधीला दोन-तीन दिवस उरले असताना 'डिटेक्टिव्ह'ची संध्याकाळ आली. वडील रेडिओ लावणार नव्हते. घरात असं असताना नाटक कसलं, असं आईचंही म्हणणं पडलं. आत्याच म्हणाली, "लावा की दादा. मी काही अजून सुतकात नाही."

वडिलांनी रेडिओ लावला. चाचा आले, सासूबाईंना पाहून दारातच थबकले, परत जायला निघाले. सासूबाईंनीच त्यांना बसा म्हटलं. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. रेडिओ त्यांनी फारसा ऐकलेला नव्हता. आत माणूस नसतो हे त्यांना समजलेलं होतं, पण पूर्ण पटलेलं नव्हतं. दीर खुर्चीवर होते. मी वडिलांच्या पायाशी. आत्या उंबऱ्यावर, डोक्यावरून पदर घेतलेला, कारण सासर समोर बसलेलं.

नाटक एका डाकबंगल्यातल्या खुनाचं होतं. नाव आता आठवत नाही. एक साहेब मरून पडलेला, बाहेर पाऊस, म्हणजे कोणीतरी सुपात वाटाणे घोळवत असावं. हेर पुण्याकडचं शुद्ध बोलणारा. हेर नेहमीच तसं बोलत. आपल्यासारखं बोलणारी माणसं त्या नाटकांत फक्त गडी किंवा चौकीदार असायची, आणि तीही बहुधा पुण्याकडच्याच नटांनी ओढूनताणून केलेली. वडील म्हणत, "हा वऱ्हाडी नाही, हा वऱ्हाडीची नक्कल करणाऱ्याची नक्कल आहे."

त्या दिवशीचा चौकीदार मात्र नक्कल नव्हता. हेर म्हणाला, "चौकीदाराला आत बोलवा." दार करकरलं. पावलं वाजली. मग कोणीतरी खाकरलं, दोनदा, आखूड. आणि म्हणालं,

"साहेब, दिवा मी नाई इझवला. मी आलो तवा थो इझेलच होता."

सासूबाई खांबापासून सुटल्या. "अरे! माह्या पोराचा आवाज हाय हा!"

कोणाला काही कळेना. रेडिओ आपला बोलतच होता. चौकीदार आणखी दोन-तीन वाक्यं बोलला, कंदिलाच्या वातीबद्दल आणि तेलाबद्दल, आणि हेराने त्याला जायला सांगितलं. दार वाजलं.

"गेला," सासूबाई म्हणाल्या. "कुठी गेला थो? त्याले बोलवा न परत!"

"आई, ते नाटक हाय," दीर म्हणाले.

"नाटक हाय तं का झालं? थो नाटकातच काम करे! तुले आपल्या भावाचा आवाज वळखू येत नाई का रे?"

दिरांचा चेहरा उतरला होता. "मले... मले नाई सांगता येत. बारा वर्षं झाले, आई. असा आवाज कोनाचाही असू शकते."

नाटक कसं संपलं, ते कोणी ऐकलं नाही. खुनी कोण होता हे मला आजही ठाऊक नाही. शेवटी नावं सांगितली, ती मोठ्या कामांची, आणि मग "इतर कलाकार" असं म्हणून निवेदक थांबला. वडिलांनी रेडिओ बंद केला. चाचा उठले, चपला घातल्या आणि गेले.

मग सासूबाई आत्याकडे वळल्या. त्या बसल्या जागेवरून सरकत सरकत उंबऱ्यापाशी गेल्या. "सूनबाई, तू तं बायको. तू सांग न. थोच होता न?"

तेवढ्यात आईने आत्याला भाताच्या निमित्ताने आत ओढलं. मी पाठोपाठ गेले. आई दबक्या आवाजात बोलत होती, "अगं, हो म्हण. असो नसो, नुसतं हो म्हण! विधी थांबेल. तुझं कुंकू राहील. कोण पाहायला जातंय?"

"वहिनी," आत्या म्हणाली, "भात खाली लागतोय."

ती बाहेर गेली. वडील मधोमध उभे होते. त्यांना सगळं रीतसर लागायचं. साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी आपल्या बहिणीला विचारलं. "हे बघ, घाई करू नकोस. तू म्हणालीस की तोच आवाज आहे, तर मी विधी थांबवतो आणि उद्याच्या गाडीने नागपूरला जातो. तिथे चौकशी करून माणूस शोधून काढता येईल. तो आवाज त्यांचा होता?"

आत्याने सासूबाईंकडे पाहिलं नाही. "नाही, दादा."

"नक्की?"

"त्यांचा आवाज याहून जाड होता. हा त्यांचा नाही."

म्हातारी परत सरकत खांबापाशी गेली. तिचं तोंड नुसतं उघडं होतं.

वडिलांनी जे ठरवलं ते त्यांच्या दृष्टीने बरोबर होतं. त्यांनी ते आम्हा सगळ्यांना समजावूनही सांगितलं, हलक्या आवाजात, पण अशिलांना सांगतात तसंच. हो म्हणण्यात हिचा सगळा फायदा होता. नाही म्हणण्यात हिचं सगळंच जायचं आहे. जो स्वतःचं नुकसान होईल असं सांगतो, त्याच्या साक्षीला कायदा सगळ्यांत जास्त वजन देतो. आईचं मन म्हातारीला फसवू शकतं, बायको फसली नाही. त्यांच्या आवाजात बहिणीबद्दल अभिमान होता. नागपूरला ते गेले नाहीत. वकिलाच्या घरातच होऊ शकते अशी ही चूक, असं मला आता वाटतं. दुसऱ्या कुठल्याही घरातून कोणीतरी नुसतं म्हातारीचं मन राखायला म्हणून गाडीत बसलं असतं.

चूक म्हणते, कारण नाटक चालू असताना मी आत्याकडे पाहत होते. बाकी सगळ्यांचे डोळे रेडिओवर होते, जणू तिथे काही दिसणार होतं. मी उंबऱ्याच्या बाजूला तोंड करून बसले होते, म्हणून मला दिसलं.

त्या काळी आमच्याकडच्या घरांतून एक वहिवाट होती. पुरुष बाहेरून माजघरात यायचा झाला की दाराशी आधी खाकरायचा. मग दारात बसलेल्या बायका वाट मोकळी करून देत. आमच्या घरी वडिलांनी ती चाल कधीच सोडून दिली होती. ते नुसते आत येत, कधी कधी आत्याला ओलांडूनही. रेडिओवरच्या नाटकांतही माणसं खोकत, खाकरत, आणि आत्या उंबऱ्यावरून कधी हललेली नव्हती. त्या दिवशी चौकीदार बोलायच्या आधी दोनदा खाकरला, तेव्हा आत्याने सूप उचललं, साडीचा घोळ गोळा केला आणि ती दाराच्या चौकटीला लागून बाजूला सरकली. एक माणूस जाईल इतकी वाट तिने करून दिली. सासूबाई ओरडल्या त्या त्यानंतर. ती सरकली तेव्हा चौकीदाराचं वाक्य तर अजून पुरतं बोलूनही झालं नव्हतं.

मग तिचं तिलाच कळलं असावं. ती परत मध्ये येऊन बसली नाही. तशीच कडेला बसून राहिली.

मी कोणाला काही बोलले नाही. आधी मला समजलं नाही, आणि समजलं तेव्हा आत्याने "नाही" म्हणून झालं होतं. ती इतक्या शांतपणे म्हणाली होती की मी पाहिलं त्याचीच मला शंका आली.

विधी झाला. बायका नदीवर गेल्या नाहीत. दीर पांढरे कपडे घालून गेले आणि दुपारी भिजून परत आले. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की पानं ओली होती, लवकर पेटली नाहीत. आत्याचं कुंकू पुसायला शेजारची एक विधवा बाई बोलावली होती. आत्या म्हणाली, "तुमी कशाला त्रास घेता," आणि तिने स्वतःच ओल्या फडक्याने पुसलं. इतकी वर्षं एकाच जागी कुंकू लावलेलं, तिथे कातडी फिकी राहिली होती. बांगड्या तिने फोडू दिल्या नाहीत. साबण लावून एकेक काढल्या आणि मोलकरणीला देऊन टाकल्या. आई म्हणाली अपशकुन आहे तो. "आता कशाचा अपशकुन, वहिनी?" ती म्हणाली.

सर्वांत वाईट गेलं ते सासूबाईंचं. दिवस होईपर्यंत त्या आमच्याकडे होत्या. रोज संध्याकाळी त्या रेडिओसमोर येऊन बसायच्या. वडील त्यांच्यासाठी रेडिओ लावायचे. कापसाचे भाव यायचे, बातम्या यायच्या, शेतकऱ्यांसाठी बोंडअळीवर माहिती यायची. कोणीही पुरुष बोलू लागला की त्या पुढे वाकायच्या.

"हा नाई," त्या म्हणायच्या. मग थोड्या वेळाने, "हाही नाई. त्याले काहून बोलावत नाईत?"

वडिलांनी त्यांना समजावलं की नाटक एकदा झालं की झालं. त्यांनी हात जोडले. "वकील साहेब, त्याइले सांगा न एकदा. थो दिव्याचं बोलला न, तेवढंच परत म्हना म्हना. मी बाकी काई मागत नाई."

विधीसाठी हट्ट त्यांनीच धरला होता, आणि विधी झाल्यावर आपला मुलगा जिवंत आहे हे फक्त त्यांनाच पटलेलं होतं. मुलाच्या पिंडाला कावळा शिवला, तेव्हाही त्या म्हणाल्या, कावळ्याचं का, थो तं कोनाचंही खाते. आत्या त्यांना वाढायची, त्यांचे पाय चेपायची. त्या तिच्याशी बोलत नव्हत्या. तेल्हाऱ्याला परत गेल्यावर पुढच्याच थंडीत त्या वारल्या. दिरांनी सांगितलं की शेवटपर्यंत त्यांनी मुलाचं श्राद्ध करू दिलं नाही.

पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊन पदवी घेतली. सुट्टीत घरी आले की संध्याकाळी रेडिओ असायचा, चाचा डॉक्टरला फाशी द्यायचे, आत्या असायची. आता ती उंबऱ्यावर बसत नसे. आत, भिंतीला टेकून बसायची. मीही ती नाटकं वेगळ्या कानाने ऐकू लागले होते. प्रत्येक गड्याच्या, प्रत्येक टांगेवाल्याच्या आवाजाची मी वाट पाहायची. तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी गच्चीवर काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे वाळत घालत होतो. मी विचारलं, "आत्या, त्या दिवशी तू उंबऱ्यावरून बाजूला का झालीस?"

कोणत्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. हातातले सरगुंडे तिने पसरले.

"तू पाह्यलं होतंस?"

"हो."

"मग वडिलांना काहून नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणालीस म्हणून."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुझ्या त्या नाटकांत हरवलेला माणूस सापडला की सगळे खूश होतात. ज्याला शोधलं त्याला कोणी विचारत नाही, तुला सापडायचं होतं का. आणि बायकोलाही नाही विचारत." ती उठली, दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पाठ माझ्याकडे. "बारा वर्षं मला वाटत होतं, कुठे तरी मरून पडले असतील, कोणाला पत्ता नसेल. त्याचं वाईट वाटायचं. नागपूर इथून किती गं? सकाळी निघालं तर दुपारी पोचतं माणूस."

"पण मग तू..."

"मेलेल्या माणसाची बायको होता येतं," ती म्हणाली. "नागपुरात मजेत नाटकं करून राहिलेल्याची काय होणार होते मी? दादा गेले असते, हात धरून घेऊन आले असते त्यांना. आणि मग मी पाणी ठेवायचं का त्यांच्यापुढे?"

"आणि सासूबाई?" मी विचारलं. विचारायला नको होतं, असं लगेच वाटलं.

एक कावळा आला, त्याला तिने हातातल्या फडक्याने हाकललं. खाली उतरताना एवढंच म्हणाली, "त्यांचं मला रोज आठवतं. तू नको आठवत जाऊस."

त्यानंतर या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. ती शाळेतून निवृत्त झाली, आमच्याच घरात वारली, विधवा म्हणूनच. वडील आधीच गेले होते. बहिणीच्या खरेपणाची ती गोष्ट ते नवीन वकिलांना सांगत असत, नाव न घेता. मी त्यांना ती शेवटपर्यंत सांगू दिली.

तो आवाज खरोखर आतोबांचा होता का, हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. आत्या खाकरण्याला फसली असेल. बारा वर्षं एखाद्या आवाजाची वाट पाहणारी बाई कशालाही फसू शकते. वडील त्या दिवशी नागपूरला गेले असते तर तिथे एखादा भलताच माणूस निघाला असता, आणि म्हातारी शांतपणे मेली असती, आणि आत्याला इतकं काही गिळावं लागलं नसतं. किंवा ते स्वतःच भेटले असते. दोन्ही बाजूंनी मी पुष्कळ विचार केला आहे. तुमच्या नाटकातल्या हेरासारखं मला बोट दाखवता येत नाही.

असल्या एखाद्या नाटकाची ध्वनिफीत मिळेल का, असंही तुम्ही विचारलं होतं. मी ओळखीच्यांकडून चौकशी केली. त्या काळी फिती महाग होत्या, बरीचशी नाटकं पुसून त्याच फितीवर दुसरं काही भरत, असं मला सांगण्यात आलं. संहिता सापडली नाही. नाटकाचं नाव मला आठवत नाही, लेखकाचं कधी माहीतच नव्हतं. जठारपेठेतलं घर विकलं, तिथे आता दुकानं आहेत. रेडिओ कोणाकडे गेला, ते आता कोणालाच सांगता येत नाही. चाचांचं दुकान त्यांचा नातू चालवतो, पण त्याला यातलं काही माहीत नाही. दिरांची मुलं तेल्हाऱ्यालाच आहेत. थोरल्या काकांना पळसाच्या पानांत जाळलं, एवढंच ती सांगतात.

त्या संध्याकाळी बैठकीत बसलेल्यांपैकी आता मी एकटी आहे, आणि चौकीदाराची पहिली दोन वाक्यं मला शब्दशः पाठ आहेत.

तुमची,
आजी